विंगेच्या बाजूचे दात

फालकमामांनी विंगेतून पुढे वाकून माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मी श्वास रोखून धरला.

"‘आज मला अडवू नकोस, आज मनातलं बोलू दे,’" त्यांनी हळूच वाक्य दिलं.

मी मान डोलावली, दोन पावलं लांब सरकलो, श्वास सोडला आणि वाक्य म्हटलं. ते ऐकायला शैला वारके रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी उभी होती. सुरुवातीच्या तालमींत या प्रवेशात ती माझ्या शेजारी बाकावर बसायची. मग इनामदारबाईंनी तिला वेगळी खुर्ची दिली. मग खुर्ची काढून खिडकी दिली. "दोघांमध्ये अंतर असलं की ताण वाढतो, दिगंबर," बाई म्हणाल्या होत्या. मला ते फार पटलं होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भुसावळला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये आमच्या तालमी चालायच्या. मी पार्सल ऑफिसात कारकून होतो, लग्न व्हायचं होतं, आणि आमच्या नाट्यमंडळाचा नायक होतो. नायक होण्याचं कारण एवढंच की मला उंची होती आणि माझं हसू चांगलं दिसायचं. शैला दवाखान्यात नर्स होती आणि त्या वर्षीची नायिका. इनामदारबाई शाळेत मराठी शिकवायच्या, आणि नाटक लिहिणं, बसवणं आणि आम्हाला वळण लावणं ही तिन्ही कामं त्यांच्याकडे होती. यादवराव फालक, म्हणजे आमचे फालकमामा, गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी ते एकटेच उरले होते आणि इतकी वर्षं प्रॉम्प्टिंग त्यांच्याकडेच होतं. नट कुठे अडखळणार हे त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून आधीच दिसायचं.

पण गेलं वर्षभर त्यांच्या तोंडाला असा काही वास यायला लागला होता की वाक्य विसरण्याची कुणाची छाती होत नव्हती. मंडळाच्या इतिहासात पाठांतर कधी इतकं चोख झालं नव्हतं. एकाच वाक्याचं काम असलेला पोस्टमनसुद्धा ते वाक्य घरून घोकून यायचा. मामा कौतुकानं म्हणायचे, "ही पोरं मेहनती आहेत, भो. आमच्या वेळी असं नव्हतं." अडखळत होतो तो मी एकटाच, कारण शेवटच्या प्रवेशातलं माझं लांबलचक भाषण काही केल्या डोक्यात राहत नव्हतं.

त्या दिवशी तालीम संपल्यावर बाईंनी मला बाहेरच्या पायऱ्यांवर थांबवलं.

"दिगंबर, फालकमामांना कुणीतरी सांगायला हवं."

"काय सांगायला हवं?" मी विचारलं, पण मला माहीत होतं.

"त्यांच्या हिरड्यांना काहीतरी झालंय. परवा ते पेरू खात होते, तर पेरूला रक्त लागलेलं मी पाहिलं. हे असंच चाललं तर दात जातील त्यांचे. शिवाय नाट्यस्पर्धेला तीनच महिने उरलेत आणि मंडळी विंगेकडे फिरकायला तयार नाहीत."

"मग तुम्हीच सांगा ना, बाई."

"मी बाईमाणूस. मी कशी सांगू? तुमचं आणि त्यांचं जमतं. आणि सांगू नकाच. माझी दाढ दुखते, एकट्याला जायची भीती वाटते, सोबत चला, असं म्हणा. ढाके डॉक्टरांकडे न्या. पुढचं त्या बघतील."

मला कल्पना आवडली. नट म्हणून माझ्यावर कुणी इतका विश्वास याआधी टाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गाल धरूनच मामांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मामी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगा सुरतेला असायचा, त्यामुळे घरात ते एकटेच. मी कण्हत कण्हत माझी दाढ, माझी भीती वगैरे सगळं सांगितलं. ते नाही म्हणतील म्हणून पुढची वाक्यंही तयार ठेवली होती. पण मामांनी शेंगा बाजूला सारल्या.

"अरे, मीच तुझ्याकडे येणार होतो. माझीही एक दाढ ठणकतेय. चल, दोघं मिळून जाऊ. उद्याच जाऊ."

मी मनात म्हटलं, किती सरळ माणूस आहे. आणि आपण याला फसवतोय.

ढाके डॉक्टरांचा दवाखाना जामनेर रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होता. वैजयंती ढाके शिकून नुकत्याच गावात आल्या होत्या. बारीक चणीच्या, फारसं न हसणाऱ्या. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. सिस्टरनं विचारलं, "आधी कोण?"

"मामा, तुम्ही जा. तुम्ही मोठे."

"छे, तू जा. तुला जास्त दुखतंय. काल कण्हत होतास."

माझ्याच कण्हण्यानं मला अडकवलं. मी आत गेलो, खुर्चीवर आडवा झालो आणि दार लागल्याबरोबर हळू आवाजात सांगून टाकलं, "डॉक्टर, मला काही झालेलं नाही. खरे पेशंट बाहेर बसलेत. मी आपला निमित्ताला आलोय."

डॉक्टरांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "तोंड उघडा."

"अहो, माझं नाही, त्यांचं..."

"बोलायला उघडलंच आहे, तर राहू दे तसंच."

त्यांनी एक बारीक सळई घेतली आणि एकेका दाताशी हिरडीत हळूच टेकवत त्या आकडे सांगू लागल्या. सिस्टर लिहून घेत होती. "तीन. चार. सहा. पाच. सात." सात ऐकल्यावर मला बरं वाटलं. सळई बाहेर निघाली तसं मी विचारलं, "चांगलं आहे ना?"

"काय चांगलं आहे?"

"सात पडले ना."

"गुण नाहीत ते," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट किती खोल गेलीय, ते मोजतेय. दोन-तीन मिलिमीटर असली तर ठीक. तुमची सातपर्यंत गेलीय. त्या फटीत घाण साचते, आतलं हाड झिजत जातं, आणि मग काही न दुखता दात हलायला लागतो. ब्रश करताना रक्त येतं?"

"येतं कधीकधी. म्हणून जिथं येतं तिथं मी ब्रश लावणंच सोडलंय."

"म्हणजे जिथं घासायला हवं, नेमकं तिथंच." त्यांनी माझ्या हातात मोठा आरसा दिला आणि तोंडात एक छोटा आरसा धरला. समोरून माझे दात नेहमीसारखेच पांढरे दिसत होते. छोट्या आरशात मात्र त्यांची मागची बाजू दिसली, आणि ती माझी आहे यावर माझा विश्वास बसेना. खालच्या दातांच्या मागे तपकिरी कीटणाचा एक सलग बांध होता. जुन्या हापशाच्या तोटीला असतो तसा.

"तुम्ही नाटकात काम करता ना?" डॉक्टर म्हणाल्या. "प्रेक्षकांच्या बाजूनं छान घासता. विंगेच्या बाजूनं काहीच केलेलं नाही."

मी आरसा खाली ठेवला. मग विचारलं, "याचा वास येतो का?"

"येतो."

"मला तर कधी नाही आला."

"स्वतःचा स्वतःला येत नाही. शेजारी बसणाऱ्याला येतो."

शेजारी बसणारी म्हटल्यावर मला शैला आठवली. आधी बाक, मग खुर्ची, मग खिडकी. नाटकातल्या ताणाबद्दल मी पार्सल ऑफिसात लोकांना समजावून सांगितलं होतं, तेही आठवलं.

"बाहेर बसलेत ते फालककाका काल संध्याकाळीच येऊन गेले," डॉक्टर हातमोजे बदलत म्हणाल्या. "म्हणाले, उद्या एका पोराला आणतोय, फार गुणी आहे, पण तोंडाला वास येतो, मंडळातली मुलगी काम सोडायला निघालीय. त्याला कळू देऊ नका, मनाला लावून घेईल. मी आपला निमित्ताला येतोय."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"इनामदारबाईंनी. मला त्यांचा फोन आला होता. दोघांचंही बघा म्हणाल्या."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "झालं ना? घाबरायचं काही नसतं, बघ." आणि ते ऐटीत आत गेले. पातळ लाकडी भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "मला काही झालेलं नाही हो, डॉक्टरीणबाई, मी त्या पोरासाठी..." मग "तोंड उघडा." मग आकडे. माझ्यापेक्षा मोठे. मग डॉक्टरांचा आवाज बराच वेळ हळू हळू चालू राहिला, आणि मामांचा अजिबात आला नाही.

मामा बाहेर आले ते तोंडाला रुमाल लावून. माझ्या शेजारी बसले, पण नेहमीपेक्षा लांब. मीही जरा सरकलो. बाकाच्या दोन टोकांना आम्ही दोघं आणि मध्ये मासिकांची चळत.

"बाईंनी आपल्या दोघांचंच नाटक बसवलं, भो," मामा रुमालातून म्हणाले.

"तालमीशिवाय," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. समोरच्या भिंतीवर दातांचं एक मोठं चित्र होतं, त्याकडे पाहत राहिले.

"वर्षभर चाललंय म्हणे. तुम्हा सगळ्यांना येत होता?"

मी खोटं बोलायला हवं होतं, पण बोलता आलं नाही. "येत होता, मामा."

"आणि कुणी बोललं नाही." त्यांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "मी तापानं पडलो तर तुम्ही डबे आणलेत. घराला कुलूप लावायला विसरलो तर शेजारी घरी येऊन रागावले. हे मात्र कुणी बोललं नाही. तुझी मामी असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, तिकडे तोंड करा. ती काहीच मनात ठेवायची नाही. तेव्हा राग यायचा मला."

माझी आई गावी शेतीवर, मी खोलीवर एकटा. मलाही तिकडे तोंड करा म्हणणारं कुणी नव्हतं.

"आजपासून असं करू," शेवटी मी म्हणालो. "मला आला की तुम्ही सांगायचं, तुम्हाला आला की मी. राग मानायचा नाही."

"मानला तरी सांगायचं," मामा म्हणाले.

संध्याकाळी तालमीला बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?" मी म्हणालो, "माझं थोडंसंच आहे. मामांचं मात्र फार वाढलंय." नंतर कळलं की मामांनीही त्यांना माझ्याबद्दल शब्द न शब्द हेच सांगितलं होतं.

उपचार सोपा नव्हता. आधी वरवरची सफाई झाली. कीटणाचे तुकडे सुटून वाडग्यात पडायचे तेव्हा टक टक आवाज यायचा. मग भुलीचं इंजेक्शन देऊन हिरडीच्या आतली सफाई, एका वेळी तोंडाचा एक कोपरा. कीटण निघाल्यावर दात उघडे पडल्यासारखे वाटायचे, गार पाणी झिणझिणत मेंदूपर्यंत जायचं. आम्ही दोघं बरोबरच जायचो. परत येताना चौकात चहा प्यायला थांबलो की सुन्न ओठातून तो मामांच्या शर्टावर आणि माझ्या शर्टावर ठरल्यासारखा सांडायचा. चहावाल्यानं शेवटी आम्हाला बशा देणंच बंद केलं. डॉक्टरांनी मऊ ब्रश दिला, दातांच्या फटीतून फिरवायचा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा एक इटुकला ब्रश दिला, आणि पार्सल ऑफिसच्या मोरीपाशी मी दुपारी तो फिरवत असलो की हमाल कामं सोडून बघायला यायचे.

मामांच्या हिरड्या मात्र सुधारेनात. डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी रक्त तपासून आणायला सांगितलं. साखर भरपूर वाढलेली निघाली. "हिरड्यांनी वेळेवर सांगितलं म्हणायचं," डॉक्टर म्हणाल्या. "साखर ताब्यात आल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही." मामांनी गोड सोडलं, पहाटे गोळ्या घेऊन रेल्वेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागले. महिन्याभरात हिरड्यांचा रंग बदलला. तरीही खालचा एक दात वाचला नाही, तो काढावाच लागला. शेजारच्या हलणाऱ्या दातांना आधार म्हणून डॉक्टरांनी मागून बारीक तार बांधली.

आणि इथे एक नवीनच गोष्ट झाली. वास पार गेला, पण त्या खिंडारातून मामांचा ‘स’ शिट्टीसारखा वाजायला लागला. साध्या बोलण्यात चालून जायचं. कुजबुजताना मात्र ती शिट्टी हॉलच्या मध्यापर्यंत ऐकू यायची.

"बाई, या वेळी विंगेत दुसऱ्या कुणाला उभं करा," मामा एकदा म्हणाले. "स्पर्धेत शोभायचं नाही."

"दुसरं कुणी नाही," बाई म्हणाल्या. "आणि आता मंडळींना सगळं पाठ आहे. तुमची गरजच पडणार नाही."

त्या असं म्हणाल्या, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

स्पर्धा जळगावला झाली. पडदा वर जायच्या आधी बाई मेकअपच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "शेवटच्या प्रवेशात आज बाक ठेवलाय. शैला, तू दिगंबरच्या शेजारी बस." शैला हसून "बरं" म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलंही.

प्रयोग सुरेख चालला होता. शेवटचा प्रवेश आला. मी बाकावर बसलो आणि शैला येऊन बसली. अगदी जवळ, खांद्याला खांदा लागेल इतकी. कित्येक आठवडे मी खिडकीशी बोलत होतो. आता तिथं खिडकी नव्हती, केसांतला अबोलीचा गजरा होता, आणि ती माझ्या तोंडाकडे न कचरता बघत होती. माझं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. एक शब्द राहिला नाही.

मी विंगेकडे पाहिलं. मामांनी ओळखलंच होतं. बाईंना एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द फार प्रिय, त्यामुळे वाक्य होतं: "संसार सोपा नसतो, सुमती, पण सोबत असली की सगळं सोसतं."

मामांनी ते दिलं. पहिल्या शिट्टीला पुढच्या रांगेतलं एक मूल दचकलं. मला ऐकू आलं, पण जीभ हलेना. मामांनी पुन्हा दिलं. आता पाचव्या-सहाव्या रांगेपर्यंत माना विंगेकडे वळल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा मामांनी शरम सोडली आणि पूर्ण वाक्य, सगळ्या शिट्ट्यांसकट, इतक्या आर्जवानं म्हटलं की ते शेवटच्या रांगेतही पोचलं असावं.

शैलानं एकवार विंगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ऐकलं मी. माझी तयारी आहे."

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग टाळ्या पडायला लागल्या त्या पडदा पूर्ण खाली आल्यावरही थांबेनात. बाई विंगेत डोक्याला हात लावून उभ्या होत्या. आम्हाला नंबर मिळाला नाही, पण एका परीक्षकांनी भाषणात सांगितलं की शेवटच्या प्रवेशातलं नायकाचं मौन त्यांना विशेष बोलकं वाटलं. आभार मानायला आम्ही मामांनाच पुढे ढकललं.

शैलाचं पुढच्या वर्षी नाशिकच्या एका इंजिनिअरशी लग्न झालं. मी लग्नात वाढपाला होतो. जरा वाईट वाटलं, फार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मी मुलगी बघायला चोपड्याला गेलो. वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून मामांना बरोबर नेलं. कांदेपोहे झाले, मुलीचं शिक्षण, स्वयंपाक, भरतकाम असं सगळं विचारून झालं. मुलगी, म्हणजे सुलभा, सगळ्याला मोजकी उत्तरं देत होती. मग तिचे वडील मला म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असलं तर विचारा."

मी मामांकडे पाहिलं. मामा पोह्यांच्या बशीकडे बघत होते.

"एकच विचारायचंय," मी म्हणालो. "उद्या माझ्या तोंडाला वास यायला लागला, तर तुम्ही मला सांगाल का?"

तिच्या काकूंनी पदर तोंडाशी नेला. सुलभानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"आत्ताच सांगू का?" ती म्हणाली. "पोह्यातला कच्चा कांदा खाल्लाय तुम्ही."

मामांनी बशी खाली ठेवली आणि तिच्या वडिलांना विचारलं, "मुहूर्त कधीचा बघायचा?"